शब्दशंका : गृहीत कशाला म्हणावे, अनुमान कशाला?

या वेळच्या टपालातील बहुतेक प्रश्न इंग्रजी शब्दांच्या एकाच कुळाविषयी आहेत. गृहीत धरणे, अंदाज बांधणे, निष्कर्ष काढणे, सुचवणे आणि संशय घेणे या क्रियांसाठी इंग्रजीत जे शब्द आहेत, ते इंग्रजी-मराठी कोशात पाहू गेल्यास अनेकदा एकाच मराठी प्रतिशब्दाखाली सापडतात, आणि वाक्य लिहायला बसल्यावर त्यांतला कोणता उचलावा असा पेच पडतो. मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत वावरणाऱ्या आपल्या बेळगाव भागातील वाचकांना हा पेच सोडवणे तुलनेने सोपे जावे, असे मला वाटते. त्याचे कारण शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात येईल.

खानापूर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेच्या शिक्षिका लिहितात : दहावीच्या एका विद्यार्थ्याने गणिताच्या उत्तरात 'लेट अस प्रिझ्यूम' असे लिहिले. मी ते खोडून 'अस्यूम' केले. त्याने कोश आणून दोन्ही शब्दांपुढे 'गृहीत धरणे' हाच अर्थ असल्याचे मला दाखवले. त्याचे समाधान कसे करावे?

बाई, कोश दाखवण्यात विद्यार्थी चुकला नाही आणि दुरुस्ती करण्यात आपणही चुकला नाहीत. दोन्ही शब्द 'घेणे' या अर्थाच्या एकाच लॅटिन धातूपासून आले आहेत. 'अस्यूम'मध्ये ती गोष्ट आपल्याकडे घेणे आहे, तर 'प्रिझ्यूम'मध्ये ती आधीच, म्हणजे पुरावा हाती येण्यापूर्वी घेणे आहे. तथापि व्युत्पत्ती सांगून दहावीच्या मुलाचे समाधान होणार नाही. त्याच्याच पुस्तकातील एक सिद्धता त्याच्यापुढे ठेवावी.

दोनचे वर्गमूळ अपरिमेय आहे हे सिद्ध करताना आपण आरंभी काय लिहितो? 'समजा, √2 ही परिमेय संख्या आहे.' मग तिला सामाईक अवयव नसलेल्या दोन पूर्णांकांच्या गुणोत्तराच्या रूपात मांडतो, दोन्ही बाजूंचा वर्ग करतो, अंश सम निघतो, त्यापाठोपाठ छेदही सम निघतो, आणि सामाईक अवयव नाही असे म्हटलेल्या दोन संख्यांत दोन हा सामाईक अवयव सापडल्याने सगळी मांडणी कोसळते. पहिली ओळ लिहिणाऱ्याला ती खोटी आहे हे ठाऊक असते. ती खोटी ठरवण्यासाठीच तो ती लिहितो. ज्यावर आपला काडीचाही विश्वास नाही अशी गोष्टसुद्धा विचारापुरती मान्य करता येते, आणि त्या क्रियेला इंग्रजीत 'अस्यूम' किंवा 'सपोज' म्हणतात. 'प्रिझ्यूम' येथे चालणार नाही, कारण त्या शब्दात बोलणाऱ्याचा खरोखरचा विश्वास असतो. पुरावा अजून पूर्ण नाही, पण नेहमीचा क्रम पाहता गोष्ट अशीच असणार, आणि उलट काही दिसेपर्यंत आपण तसेच धरून चालणार, असे तो शब्द सांगतो. जे खोटे आहे हे आपल्याला माहीत आहे, ते कोणी 'प्रिझ्यूम' करू शकत नाही.

या शब्दाचा सर्वांत प्रसिद्ध वापर 1871 सालचा आहे. आफ्रिकेतील टांगानिका सरोवराकाठच्या उजिजी गावी, बेपत्ता झालेल्या लिव्हिंग्स्टन या प्रवासी-संशोधकाचा शोध घेत पत्रकार हेन्री स्टॅन्ली पोहोचला, तेव्हा समोर आलेल्या वृद्ध युरोपीय गृहस्थाला त्याने 'डॉक्टर लिव्हिंग्स्टन, आय प्रिझ्यूम?' असे विचारले, अशी नोंद त्याने स्वतःच करून ठेवली आहे. ओळख पटलेली नव्हती, पण त्या मुलखात दुसरा युरोपीय माणूस असण्याची शक्यता इतकी थोडी होती की विश्वासाला भक्कम आधार होता. तेथे 'आय अस्यूम' म्हटले असते तरी व्याकरण बिघडले नसते; मात्र आधाराची ती छटा फिकी झाली असती.

विद्यार्थ्याला एक खूण देता येईल. मराठीत 'समजा' किंवा 'मानू' बसत असेल तेथे 'अस्यूम' घ्यावा, आणि 'धरून चालू' बसत असेल व धरून चालायला काही आधार असेल, तर 'प्रिझ्यूम' घ्यावा. ही खूण सर्वत्र चालेल असे मी म्हणणार नाही, कारण रोजच्या बोलण्यात 'अस्यूम'ला आणखी एक अर्थ आहे : विचार न करता, तपासून न पाहता मनात बसलेली समजूत. 'तू जेवून आला असशील असे मी धरून चाललो' या वाक्यात इंग्रज माणूस सहसा 'अस्यूम'च वापरेल. कचेरीच्या आदेशांत दिसणारा 'अस्यूम्ड चार्ज' मात्र सरळ मूळ अर्थाचा आहे. पदभार हाती घेतला, इतकेच त्यात सांगायचे असते.

'प्रिझ्यूम'चा एक धागा मराठीशी फार सुंदर जुळतो. परवानगीच्या आधीच मोकळीक घेणाऱ्या माणसाला इंग्रजीत याच धातूपासून 'प्रिझम्प्च्युअस' म्हणतात. आपणही आधी दिलेल्या रकमेला 'आगाऊ रक्कम' म्हणतो आणि पायरी सोडून बोलणाऱ्या पोराला 'आगाऊ' म्हणतो. दोन दूरच्या भाषांनी 'आधीच'मधून 'उद्धटपणा'कडे जाणारी एकच वाट स्वतंत्रपणे शोधली. जाता जाता उच्चाराविषयी : आपल्याकडे सर्रास 'अझ्यूम' ऐकू येते, ते 'प्रिझ्यूम' आणि 'रिझ्यूम' यांच्या संगतीने झाले असावे. पहिल्या शब्दात 'स' आहे, 'झ' नाही.

निपाणीचे एक शेतकरी वाचक विचारतात : आमच्या वकिलांनी सांगितले की आरटीसी उताऱ्यावरील (म्हणजे कर्नाटकातील सातबारासारख्या जमिनीच्या उताऱ्यावरील) नोंद कायद्याने 'प्रिझ्यूम्ड टू बी ट्रू' असते. म्हणजे ती खरी असते, की नुसती खरी मानलेली असते?

खरी मानलेली असते, आणि उलट सिद्ध होईपर्यंतच मानलेली असते. कर्नाटक जमीन महसूल कायदा 1964 च्या 133 व्या कलमात असे म्हटले आहे की हक्कनोंदणीतील नोंद आणि फेरफार नोंदवहीतील प्रमाणित नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत किंवा तिच्या जागी कायदेशीर रीतीने नवी नोंद होईपर्यंत, खरी असल्याचे धरले जाईल. वाक्यातील 'उलट सिद्ध होईपर्यंत' हे शब्द 'प्रिझ्यूम'च्या पोटातच आहेत. कायद्याने ते उघड करून सांगितले इतकेच. कायद्याच्या भाषेत या शब्दाचे खरे काम सत्य ठरवणे हे नसून ओझे कोणी वाहायचे ते ठरवणे हे आहे. नोंद ज्याच्या बाजूने आहे त्याने स्वस्थ बसावे, आणि ती चुकीची आहे असे म्हणणाऱ्याने पुरावा आणावा. आरोपी निर्दोष असल्याचे धरून खटला चालवायचा, हे तत्त्वही याच जातीचे आहे. न्यायाधीशाची आरोपीच्या निर्दोषपणाबद्दल खात्री असते असा त्याचा अर्थ नाही. दोष दाखवण्याचे ओझे सरकारपक्षावर असते, असा आहे.

1872 च्या भारतीय पुरावा कायद्याने या धरून चालण्याच्या पायऱ्या पाडल्या होत्या, आणि 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही त्या कायम ठेवल्या आहेत. पहिली पायरी 'मे प्रिझ्यूम' : न्यायालय तसे धरू शकते किंवा पुरावा मागू शकते. दुसरी 'शॅल प्रिझ्यूम' : उलट सिद्ध होईपर्यंत तसे धरलेच पाहिजे. तिसऱ्या पायरीवर मात्र 'प्रिझ्यूम' हा शब्दच नाही. तेथे 'कन्क्लूजिव्ह प्रूफ', म्हणजे निर्णायक पुरावा असे म्हटले आहे, आणि एकदा तो मानला की विरुद्ध पुरावा देण्याची मुभाच राहत नाही. आपल्या वकिलांनी सांगितलेली भाषा दुसऱ्या पायरीवरची आहे. पहिल्या पायरीचे जुन्या कायद्याने दिलेले उदाहरण वाचण्यासारखे आहे : चोरीनंतर लवकरच ज्याच्याकडे चोरीचा माल सापडला आणि जो त्याचा खुलासा देऊ शकत नाही, तो एकतर चोर असावा किंवा माल चोरीचा असल्याचे ठाऊक असून त्याने तो घेतला असावा, असे न्यायालय धरू शकते. या वाक्यातील 'असावा'कडे लक्ष असू द्यावे. त्याच्याकडे पुन्हा यायचे आहे. आपल्या उताऱ्याचे पुढे काय करायचे, ते अर्थातच आपल्या वकिलांनी सांगायचे आहे. माझा अधिकार शब्दापुरता.

शहापूरची एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी लिहिते : वादविवादात प्रतिस्पर्धी मला म्हणाला, 'व्हॉट आर यू इन्फरिंग?' परीक्षकांनी नंतर सांगितले की तेथे 'इम्प्लायिंग' हवे होते. फरक नेमका काय?

बोलणारा 'इम्प्लाय' करतो आणि ऐकणारा 'इन्फर' करतो. एक शब्दांत अर्थ दडवून ठेवतो, दुसरा तो बाहेर काढतो. परीक्षकांचे बरोबर होते.

एका किराणा दुकानातील प्रसंग पाहा. ओळखीचे गिऱ्हाईक साखर, पोहे आणि चहापूड बांधून घेते आणि सवयीने म्हणते, 'लिहून ठेवा, मालक.' मालक वही पुढे ओढतात, दोन पाने उलटतात आणि अगदी गोड आवाजात म्हणतात, 'लिहितो की. तुमचं पान तेवढं भरलंय, नवीन काढतो.' उधारी फेडा असे त्यांनी कोठेच म्हटलेले नाही. वाक्य फक्त पानाविषयी आहे, तरी त्यांनी जे सुचवले ते 'इम्प्लाय', आणि गिऱ्हाईक खिशात हात घालून 'निम्मे आता घ्या' म्हणते तेव्हा त्याने ताडले ते 'इन्फर'. मराठीत 'सुचवणे' आणि 'ताडणे' या दोन क्रियांची गल्लत कोणी करत नाही. म्हणून इंग्रजी वाक्य लिहिण्याआधी मनात मराठी क्रियापद उच्चारून पाहावे. चूक सहसा होणार नाही.

दोन पुरवण्या जोडतो. इंग्रजीत 'इन्फर' हा शब्द 'सुचवणे' या अर्थानेही काही शतके वापरला गेला आहे आणि काही कोश तो अर्थ नोंदवतातही; परंतु काळजीपूर्वक लिहिणारे तो टाळतात, आणि परीक्षेत किंवा अर्जात तो टाळणेच शहाणपणाचे. दुसरे असे की वस्तुस्थितीही 'इम्प्लाय' करू शकते. 'या आकड्यांवरून तोटा सूचित होतो' असे आपण म्हणतोच. 'इन्फर' करायला मात्र मन असलेला कर्ता लागतो. आकडे काही ताडत नाहीत.

बेळगाव शहरातून एक व्यावसायिक : भाडेकरारात 'प्रेमिसेस' म्हणजे जागा. मग तर्कशास्त्रातील 'प्रेमिस' कुठून आला?

उलट आहे. तर्कातला आधी आणि जागेचा नंतर. 'प्रेमिस' म्हणजे आधी मांडलेले विधान, ज्याच्या आधाराने पुढचे निघते. दस्तऐवजात मालमत्तेचे वर्णन एकदा आरंभी देऊन पुढे सगळीकडे 'वर मांडलेले' या अर्थाने 'द प्रेमिसेस' म्हणत, आणि दस्तऐवज वाचता वाचता लोकांनी तो शब्द थेट घराला आणि आवाराला लावला. जागेच्या अर्थाने तो नेहमी अनेकवचनीच असतो. दुकान एकच असले तरी.

आरोग्य खात्यात काम करणाऱ्या चिक्कोडी भागातील एक भगिनी : क्षयरोगाच्या कामात पूर्वी 'टीबी सस्पेक्ट' असा शब्द ऐकला होता, आता 'प्रिझम्प्टिव्ह टीबी' लिहितात. बदल का झाला? आणि 'सस्पेक्ट' व 'डाउट' यांत मी नेहमी गोंधळते.

आपल्या पत्रात दोन प्रश्न आहेत आणि दुसरा अधिक महत्त्वाचा आहे, कारण ही चूक मराठी माणसाच्या इंग्रजीत मला सर्वाधिक दिसते.

पहिल्याचे उत्तर असे. दोन आठवडे किंवा अधिक काळ खोकला, ताप, वजनात लक्षणीय घट, थुंकीतून रक्त यांसारखी लक्षणे असलेल्या व्यक्तीला 'सस्पेक्ट' म्हणण्यात पोलीस ठाण्याचा वास येतो. संशयित म्हटले की माणसाने काही गुन्हा केला असल्यासारखे वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने 2013 साली व्याख्या सुधारताना तो शब्द सोडून 'प्रिझम्प्टिव्ह टीबी' स्वीकारला. पहिल्या उत्तरात सांगितलेला अर्थच येथे लागू पडतो : लक्षणांचा आधार आहे, तपासणी बाकी आहे, आणि तपासणीत उलट निघाले तर शिक्का आपोआप पुसला जातो. माणसाऐवजी आजाराला विशेषण लावले गेले, हेही चांगलेच झाले. व्यापारी वाचकांना हा शब्द आयकराच्या संदर्भात ठाऊक असेल. 1961 च्या कायद्यातील 44एडी कलमाखाली छोट्या व्यापाऱ्याच्या उलाढालीचे 8 टक्के, आणि बँकेमार्फत किंवा डिजिटल मार्गाने आलेल्या रकमेचे 6 टक्के, हे उत्पन्न असल्याचे धरून चालण्याची सोय होती; तिलाही 'प्रिझम्प्टिव्ह' असेच म्हणत.

आता दुसरा प्रश्न. मराठी वर्तमानपत्रातील दोन ठरलेली वाक्ये शेजारी ठेवा. 'चोरीच्या संशयावरून दोघांना ताब्यात घेतले.' 'संशयाचा फायदा देऊन दोघांची निर्दोष मुक्तता.' दोन्हीकडे शब्द 'संशय' हाच आहे. पण पहिल्या संशयाने माणूस आत जातो आणि दुसऱ्याने बाहेर येतो. पहिल्याला इंग्रजीत 'सस्पिशन' म्हणतात, दुसऱ्याला 'डाउट'. 'सस्पेक्ट'चा कल होकाराकडे असतो : असे घडले असावे, असे मला वाटते. 'डाउट'चा कल नकाराकडे : असे घडले असेल यावर माझा विश्वास बसत नाही. 'डाउट'च्या मुळाशी 'दोन' हा अंक आहे आणि मन द्विधा होणे हा त्याचा पहिला अर्थ. पण वापरात तो द्विधेपेक्षा अविश्वासाकडे झुकला.

यामुळे होणारा घोटाळा साधा नसतो. कपाटातील पैसे नाहीसे झाले आणि आपला रोख एका माणसावर आहे. 'त्यानेच घेतले अशी मला शंका आहे' याचे भाषांतर आपण 'आय डाउट दॅट ही टुक द मनी' असे केले, तर इंग्रजी वाचणारा समजेल की आपण त्या माणसाची बाजू घेत आहात. त्याने पैसे घेतले असतील असे आपल्याला वाटत नाही. येथे 'आय सस्पेक्ट' हवे. उलट बाजूने, 'निपाणीची गाडी वेळेवर सुटेल की नाही, शंकाच आहे' या वाक्यात 'डाउट' बरोबर बसतो. मराठी वाक्यात 'की नाही' घालून पाहावे : 'की नाही, शंका आहे' असे म्हणता आले तर 'डाउट', आणि 'अशी शंका आहे' एवढेच म्हणता आले तर 'सस्पेक्ट'. आपल्या कामातील वाक्य घेऊ. डॉक्टरांना क्षयरोगाची शंका आहे, म्हणून ते थुंकीची तपासणी लिहून देतात, येथे 'सस्पेक्ट'. तपासणीचा अहवाल पाहून क्षयरोग असेल की नाही याचीच त्यांना शंका वाटू लागली, तर 'डाउट'.

वर्गात हात वर करून 'आय हॅव अ डाउट' म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. भारतात ती सर्वांना कळते आणि मी तिला चूक म्हणणार नाही. मात्र परदेशी प्राध्यापकाला, आपण शिकवलेले याला पटलेले दिसत नाही, असे वाटू शकते. तेथे 'क्वेश्चन' म्हणावे.

स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा येळ्ळूरचा एक तरुण : बँक भरतीच्या तर्कक्षमता पत्रिकेत 'अस्म्प्शन', 'इन्फरन्स' आणि 'कन्क्लूजन' असे वेगवेगळे प्रश्न असतात. तिन्हींत मला एकच काहीतरी विचारल्यासारखे वाटते. तसेच 'डिडक्शन' व 'इंडक्शन' यांतील भेदही सांगावा.

दिलेल्या विधानाच्या कोणत्या बाजूला उभे राहायचे, एवढ्यावर हा प्रश्न सुटतो. 'अस्म्प्शन' विधानाच्या मागे असते : ते बोलणाऱ्याने बोलण्यापूर्वीच मनात धरलेले असते आणि बोलून दाखवलेले नसते. 'इन्फरन्स' आणि 'कन्क्लूजन' विधानाच्या पुढे असतात : विधान वाचल्यावर वाचणारा त्यातून ते काढतो.

उदाहरणार्थ, फलकावर असे लिहिले आहे : 'कणकुंबीला जाणाऱ्या प्रवाशांनी सकाळी सहाच्या गाडीने जावे, म्हणजे दुपारपूर्वी परतता येईल.' आता पर्याय पाहू. सकाळी सहाला गाडी आहे. हे गृहीत आहे. परतीची काहीतरी सोय दुपारपूर्वी उपलब्ध आहे. हेही गृहीत आहे. प्रवाशांना दुपारपूर्वी परतायचे असते. थोडा विचार केला तर हेही त्यात आहे, नाहीतर सल्ला देण्याचे प्रयोजन उरत नाही. कणकुंबीला मलप्रभेचे उगमस्थान आहे. हे खरे आहे, पण गृहीत नाही. येथेच बहुतेक उमेदवार फसतात. पर्याय सत्य आहे की नाही हा प्रश्नच नसतो; विधान उभे राहण्यासाठी तो लागतो की नाही हा असतो. त्यासाठी पर्याय उलटा करून पाहावा. 'सहाला गाडी नाही' असे म्हटल्याबरोबर सल्ला निरर्थक होतो, म्हणून ते गृहीत. 'कणकुंबीला मलप्रभेचा उगम नाही' असे म्हटले तरी सल्ल्याला धक्का लागत नाही, म्हणून ते गृहीत नव्हे. 'सहाच्या गाडीने गेलेला प्रवासी दुपारपूर्वी परत येऊ शकतो' हे मात्र विधानातून पुढे निघते, तो निष्कर्ष.

'इन्फरन्स' आणि 'कन्क्लूजन' यांतील सीमा इतकी काटेकोर नाही. सामान्यतः 'इन्फरन्स' ही निष्कर्षाकडे जाण्याची क्रिया किंवा त्या वाटेवरचे एखादे पाऊल असते आणि 'कन्क्लूजन' म्हणजे जेथे पोहोचून थांबलो ते. परीक्षेत मात्र प्रश्नाच्या वर छापलेली सूचनाच प्रमाण मानावी. 'इन्फरन्स'च्या प्रश्नांत पुष्कळदा 'निश्चित खरे' आणि 'बहुधा खरे' असे वेगळे पर्याय देतात, आणि बहुधाला निश्चित म्हणणे हीच तेथील नेहमीची चूक असते.

आता 'डिडक्शन'. सर्वसामान्य नियमावरून विशिष्ट प्रसंगाकडे जाणे, आणि तेही असे की आधीची विधाने खरी असतील तर निष्कर्ष खोटा असूच शकत नाही, ते 'डिडक्शन'. मराठी तर्कशास्त्रात त्याला निगमन म्हणतात. विशिष्ट प्रसंग पाहून सर्वसामान्य नियमाकडे जाणे ते 'इंडक्शन', म्हणजे विगमन. येथे निष्कर्ष संभाव्य असतो, पक्का नसतो. आजवर पाहिलेल्या प्रत्येक पावसाळ्यात राकसकोपचा जलाशय वाढला, म्हणून पुढच्याही वाढेल, हे विगमन आहे. आकाशाने ते पाळायचा करार केलेला नाही. गणितातील 'मॅथमॅटिकल इंडक्शन' मात्र नावापुरतेच 'इंडक्शन' असून प्रत्यक्षात ती निगमनाचीच पद्धत आहे. ही नावाची फसवणूक परीक्षा घेणाऱ्यांना फार आवडते. आणखी एक खबरदारी : 'डिडक्शन' या नामाची क्रियापदे दोन आहेत. निष्कर्ष काढणे ते 'डिड्यूस', आणि पगारातून रक्कम कापणे ते 'डिडक्ट'. पगारपत्रकावरच्या 'डिडक्शन'मधून काही निष्पन्न होत असेल तर ते फक्त कमी पगार.

रोजच्या जीवनात आपण जे 'ओळखतो', ते बहुधा या दोहोंपैकी काहीच नसते. समोर खूण दिसते आणि तिचे सर्वांत पटणारे कारण आपण शोधतो. अमेरिकी तत्त्वज्ञ चार्ल्स सँडर्स पर्स यांनी त्याला 'ॲबडक्शन' असे तिसरे नाव दिले. अपहरणाशी त्याचा संबंध जोडू नये. आपल्या परंपरेतही याच्या जवळ जाणारा प्रकार आहे. देवदत्त धष्टपुष्ट आहे आणि दिवसा जेवत नाही, तर तो रात्री जेवत असला पाहिजे, हे मीमांसा दर्शनाच्या पंडितांनी सांगितलेल्या अर्थापत्तीचे, म्हणजे दिसते त्याचा मेळ बसावा म्हणून न दिसलेले मानण्याचे, उदाहरण प्रसिद्ध आहे. नैयायिकांचे, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांचे, पर्वतावरच्या धुरावरून अग्नी ओळखण्याचे अनुमान तर सर्वांना ठाऊक आहे. पण त्यांनीच असाही इशारा दिला आहे की धुक्याला धूर समजून केलेले अनुमान हे अनुमान नव्हे. जांबोटीच्या रानात पावसाळी पहाटे उभे राहिल्यास हा इशारा किती गरजेचा आहे ते कळते.

टिळकवाडीचे एक निवृत्त वाचक : इंग्रजी बातम्यांत 'अपॅरंटली', 'प्रिझ्यूमेब्ली', 'सपोजेडली' आणि 'अलेजेडली' हे शब्द येतात. मराठीत सगळ्यांना 'बहुधा' म्हणावे का?

म्हणू नये. असे केले तर मराठीत जे आयते आहे ते वाया जाईल. इंग्रजी जे काम वेगवेगळ्या शब्दांनी करते, ते मराठी पुष्कळदा क्रियापदाच्या शेवटाने करते, आणि कोशात क्रियापदांचे शेवट सापडत नाहीत. वरच्या सगळ्या पत्रांतील गोंधळाचे मूळ मला तेथेच दिसते.

सकाळी दार उघडले आणि रस्ता ओला दिसला. 'रात्री पाऊस पडला असावा' असे आपण म्हणतो. खूण पाहिली आणि कारण ताडले. रस्ता पाहिलेलाच नाही, अंथरुणातूनच बोलतो आहोत, तर 'पडला असेल' असे म्हणतो. आधार थोडा, कल्पना अधिक. ढग आदल्या संध्याकाळीच भरून आले होते आणि आपली खात्री आहे, तर 'पडला असणार'. शेजाऱ्याने सांगितले, आपण पाहिले नाही, तर 'पडला म्हणे'. चार वाक्यांत पाऊस तोच, आपल्या माहितीचा उगम मात्र चार ठिकाणचा. कन्नड बोलणाऱ्या वाचकांना हे सांगावेच लागणार नाही. 'मळे बंदिरबेकु' (पाऊस पडला असणार) आणि 'मळे बंदिरबहुदु' (पाऊस पडला असेल) यांतला फरक ते रोज करतात, आणि 'मळे बंतंते' यातील शेवटचा 'अंते' म्हणजे आपला 'म्हणे'च.

आता शब्द जुळवता येतील. 'प्रिझ्यूमेब्ली'ला 'असणार' किंवा 'असावा' जवळचे. 'अपॅरंटली'चा मूळ अर्थ 'दिसते त्यावरून' असा असला तरी आज तो ऐकीव माहितीलाही लावतात. म्हणून संदर्भ पाहून 'दिसते' किंवा 'म्हणे' घ्यावे. 'सपोजेडली'त बोलणाऱ्याचा अविश्वास डोकावतो : लोक म्हणतात, मी मानत नाही. मराठीत त्यासाठी 'म्हणे' थोडा लांबवून उच्चारतात, पण लिहिताना आवाज सोबत येत नाही, तेव्हा 'तथाकथित' किंवा 'असे सांगतात' वापरावे.

'अलेजेडली' सर्वांत वेगळा आहे, कारण त्यात अंदाज मुळीच नाही. कोणीतरी नाव घेऊन आरोप केला आहे आणि तो सिद्ध झालेला नाही, एवढीच नोंद त्यात असते. त्याचे भाषांतर 'बहुधा' केले, तर बातमी लिहिणाऱ्याने आरोपावर आपले मत दिल्यासारखे होते. मराठीत 'असा आरोप आहे' किंवा 'कथित' म्हणावे, आणि ते विशेषण योग्य नामामागे लावावे. कुलूप तोडलेले आहे, गल्ला रिकामा आहे, चोरी झाली याबद्दल कोणाचेच दुमत नाही; अशा वेळी 'कथित चोरी' लिहिणे चूक आहे, तेथे 'कथित चोर' हवा. तक्रारच खोटी असल्याचा दावा असेल, तर मात्र 'कथित' चोरीच्याच मागे लागेल.